एका कर्नलमधली दुरुस्ती दुसऱ्या कर्नलमध्ये कशी न्यायची

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनक्स, ओपनबीएसडी, नेटबीएसडी, फ्रीबीएसडी, हायकू अशा मुक्त प्रणालींचे आपापले कर्नल असतात. ओपनबीएसडीच्या सोर्समध्ये इंटेलच्या वायफाय चिपसाठी ‘आयडब्ल्यूएम’ नावाचा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा कोड, आहे. त्याची मुख्य फाइल उघडा आणि कोड सोडून फक्त वरच्या कॉमेंट वाचा. एकाखाली एक परवाने चिकटवलेले दिसतील. एक हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा, एक इंटेलचा, एक आधीच्या ड्रायव्हरच्या लेखकाचा. इंटेलने लिनक्ससाठी लिहिलेला कोड दुहेरी परवान्याखाली होता, म्हणून तो समोर ठेवून हा ड्रायव्हर लिहिता आला. २०१५ साली तो ओपनबीएसडीत आला, नेटबीएसडीने घेतला, त्याच वर्षी फ्रीबीएसडीनेही उचलला आणि पुढे हायकूपर्यंत पोचला. कर्नलवाल्यांची भांडणं सगळ्यांना ठाऊक असतात. ही उसनवारी मात्र फाइल उघडल्याशिवाय दिसत नाही.

तिच्यामागे कुठला करार नाही की समिती नाही. कुणीतरी एका घरातली दुरुस्ती पाहतो, आपल्या घरात तीच चूक अजून आहे हे त्याच्या लक्षात येतं आणि तो ती घेऊन येतो. नवख्या माणसाने कर्नलच्या कामात शिरायला यापेक्षा सोपी वाट मला माहीत नाही. चूक शोधून झालेली असते, उपायही कुणीतरी तपासलेला असतो. तुम्हाला तो समजून घ्यायचा, नीट बसवायचा आणि योग्य माणसाकडे पोचवायचा. सी भाषा वाचता यायला हवी, गिट थोडंफार यायला हवं आणि व्हर्च्युअल मशीन चालवता यायला हवं. बाकी वाटेत शिकता येतं.

पायरी १: कोण कुणाकडून घेतं ते बघा

येण्याजाण्याच्या वाटा बऱ्याच अंशी ठरलेल्या आहेत. सगळ्यात वर्दळीची वाट ग्राफिक्सची. लिनक्समधला ‘डीआरएम’ हा ग्राफिक्सचा भाग बराचसा एमआयटी परवान्याखाली आहे. ओपनबीएसडी तो लिनक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतून थेट आपल्या सोर्समध्ये आणतं, तर फ्रीबीएसडी तो कर्नलबाहेरच्या मॉड्यूलच्या रूपात ठेवतं. त्यासाठी फ्रीबीएसडीने ‘लिनक्सकेपीआय’ नावाचा एक थर लिहिला आहे. लिनक्सचा ड्रायव्हर ज्या नावाने फंक्शनला हाक मारतो, त्या नावाला इथे फ्रीबीएसडीचं फंक्शन ओ देतं. दुभाषाच म्हणा.

एसीपीआयचा (हार्डवेअरची माहिती आणि वीज सांभाळणाऱ्या ठरावीक पद्धतीचा) इंटेलने लिहिलेला सामायिक कोड लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि हायकू वापरतात. ओपनबीएसडीने मात्र आपला वेगळा लिहिला. हायकूचे बरेचसे नेटवर्क ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडीकडून, मधे एक जुळवणीचा थर ठेवून आलेले आहेत. ग्नू हर्ड या आणखी एका कर्नलने नेटबीएसडीचे डिस्क ड्रायव्हर ‘रम्प’ या तंत्राने घेतले. म्हणजे ते कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोसेससारखे चालतात. एआरएम बोर्डांची ‘डिव्हाइस ट्री’ वर्णनं (बोर्डावर काय कुठे आहे ते सांगणारी) प्रामुख्याने लिनक्सच्या सोर्समध्ये लिहिली जातात आणि फ्रीबीएसडी ती आयात करतं. म्हणूनच नवीन बाइंडिंग (अशी वर्णनं कशी लिहायची त्याचे नियम) दुहेरी परवान्याखाली द्या, असं लिनक्सवाले सांगतात.

तुमच्याकडे जे हार्डवेअर आहे त्याचा ड्रायव्हर यातल्या कुठल्या वाटेवर आहे, एवढं शोधून काढलंत की पहिली पायरी झाली.

पायरी २: परवाना

इथे घाई करू नका. कोड कितीही चांगला असला तरी परवान्यात गफलत झाली की तो काढून टाकावा लागतो, आणि तुमचं नाव पहिल्याच आठवड्यात नको त्या कारणाने लक्षात राहतं.

कामापुरता हिशोब असा. बीएसडी, एमआयटी किंवा आयएससी परवान्याचा कोड लिनक्समध्ये नेता येतो, फक्त मूळ कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर जसाच्या तसा ठेवावा लागतो. लिनक्सचा जीपीएल आवृत्ती २ खालचा कोड बीएसडी कर्नलमध्ये नेता येत नाही. नेला तर त्या कर्नलला जीपीएलच्या अटी लागू होतात आणि ते त्या प्रकल्पांना नको असतं. फाइल दुहेरी परवान्याची असेल तर दोन्ही दारं उघडी. अपाची २.० आणि जीपीएल आवृत्ती २ यांचं जमत नाही. सन कंपनीच्या सीडीडीएल परवान्याचं आणि जीपीएलचंही जमत नाही. ओपनझेडएफएस (सीडीडीएलखालची फाइल प्रणाली) फ्रीबीएसडीच्या सोर्समध्ये सुखाने राहतं आणि लिनक्सवर मात्र बाहेरून मॉड्यूल म्हणून लावावं लागतं, ते यामुळेच.

२००७ साली दोन्ही बाजूंनी एकेक चूक झाली. दोन्ही गोष्टी नवख्याने माहीत करून घ्याव्यात अशा आहेत. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपसाठी लिनक्सकडे उलट अभियांत्रिकीने बनवलेला ड्रायव्हर होता. एका गटाने चिपचं वागणं तपासून त्याचं वर्णन लिहिलं आणि दुसऱ्या गटाने फक्त ते वर्णन वाचून कोड लिहिला. वर्णन सर्वांना खुलं होतं. ओपनबीएसडीच्या एका विकासकाने आपला ड्रायव्हर लिहिताना वर्णनाबरोबर लिनक्समधल्या जीपीएल कोडचे तुकडेही आपल्या सोर्समध्ये टाकले. नंतर बदलू, असा विचार असावा. ते लिनक्सवाल्यांच्या नजरेस आलं, उघडपणे वाद झाला आणि ड्रायव्हर काढून टाकला गेला.

त्याच वर्षी उलटं झालं. ॲथेरॉस चिपचा ओपनबीएसडीतला कोड लिनक्समध्ये आणताना पाठवलेल्या काही पॅचमध्ये (कोडमधल्या बदलांच्या फाइलींत) मूळ आयएससी परवान्याचा मजकूर काढून तिथे जीपीएलचा घातला होता. कोड घ्यायला परवानगी होतीच. परवान्याचा मजकूर पुसायला नव्हती. आरडाओरडा झाल्यावर ते दुरुस्त झालं आणि सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने अशा फाइली जीपीएल प्रकल्पात कशा सांभाळायच्या याचं मार्गदर्शन प्रसिद्ध केलं.

पहिल्या चुकीपासून घ्यायचं ते असं, की ‘तात्पुरतं टाकतो, नंतर पुन्हा लिहीन’ हे सार्वजनिक रेपोत कधीच करायचं नाही. दुसरीपासून घ्यायचं ते असं, की फाइलच्या डोक्यावरचा मजकूर तुमचा नाही, त्याला हात लावायचा नाही. तुम्ही भरीव काम केलं असेल तर त्याच्याखाली आपली ओळ जोडा. लिनक्समध्ये २०१७ पासून प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत परवान्याची एसपीडीएक्स खूण (परवान्याचं ठरलेलं छोटं नाव) घालायला सुरुवात झाली. ती आधी वाचा, पण आयात केलेल्या फाइलीत खाली जुना मजकूर असेल तर तोही वाचा.

आणि एक. चिपच्या रजिस्टरचा पत्ता, उपकरणाचा ओळख क्रमांक, ‘अमुक चिपला रीसेटनंतर थोडं थांबावं लागतं’ ही माहिती आहे. कोडची मांडणी ही कुणाची तरी रचना आहे. पहिल्या कामासाठी माहिती वाहून नेणं जास्त सुरक्षित.

पायरी ३: लहान काम निवडा

पहिल्या खेपेला अख्खा ड्रायव्हर न्यायला निघालेले मी बरेच पाहिलेत. त्यातले बहुतेक अर्ध्या वाटेत थांबले. पाच-दहा ओळींची दुरुस्ती शोधा.

शोधायची एक युक्ती फार कामाची आहे. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडी अजून सीव्हीएस हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं जुनं साधन वापरतात. (होय, अजून. हसू नका, त्याचा आत्ता फायदाच होणार आहे.) सीव्हीएसमुळे प्रत्येक फाइलीच्या वर डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये प्रकल्पाचं नाव, फाइलचं नाव, आवृत्तीचा आकडा आणि तारीख अशी ओळ असते. ती फाइल दुसऱ्या प्रकल्पाने घेतली की रिवाज असा, की जुनी ओळ तशीच ठेवायची. त्यामुळे फ्रीबीएसडीच्या एखाद्या ड्रायव्हरवर ओपनबीएसडीची ओळ दिसली, की तो नेमका कुठल्या आवृत्तीवरून उचलला ते कळतं. आता ओपनबीएसडीच्या इतिहासात जा आणि त्या आवृत्तीपासून आजपर्यंतचे बदल एकेक करून वाचा. जे इकडे आलेले नाहीत, ती तुमच्या कामाची यादी. फ्रीबीएसडीने गिटवर आल्यावर २०२३ साली आपल्या स्वतःच्या अशा ओळी काढून टाकल्या, पण दुसऱ्यांच्या बऱ्याच ठिकाणी शिल्लक आहेत.

यादीतल्या सगळ्याच दुरुस्त्या उपयोगाच्या नसतात. काही त्या कर्नलच्या आतल्या बदलांमुळे झालेल्या असतात, काही नुसत्या मोकळ्या जागा नीट केलेल्या. हव्या त्या अशा: लांबी न तपासता कॉपी केलेलं बफर, अपयशाच्या वाटेवर सोडायचं राहिलेलं कुलूप (लॉक), मोकळी न केलेली मेमरी. याहून सोपं हवं असेल तर यूएसबी उपकरणांचे ओळख क्रमांक घ्या. तुमच्या हातातलं उपकरण लिनक्सवर चालतं आणि बीएसडीवर ओळखलंच जात नाही, असं झालं तर बहुतेकदा यादीत एक ओळ कमी असते. ती ओळ घालणं हेही योगदानच आहे, आणि ते तपासायला उपकरण तुमच्याकडेच आहे ही मोठी गोष्ट.

पायरी ४: दोन्ही कर्नल चालू करा

ज्या कर्नलमधून दुरुस्ती आणताय तोही चालवून बघा, नाहीतर मुळात चूक काय होती ते नीट कळत नाही. क्यूएमू हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं साधन पुरेसं आहे. फ्रीबीएसडी व्हर्च्युअल मशीनच्या तयार प्रतिमा देतं. नेटबीएसडीचं बिल्ड व्यवस्थापन लिनक्सवरून किंवा मॅकवरून सुद्धा अख्खी प्रणाली बांधू देतं. ओपनबीएसडी मात्र ओपनबीएसडीवरच बांधावं लागतं.

तपासणीचे पर्याय चालू करूनच बांधा. लिनक्समध्ये लॉकडेप आणि कासान, फ्रीबीएसडीत विटनेस आणि इनव्हेरियंट्स, नेटबीएसडीत डायग्नोस्टिक आणि लॉकडीबग. कर्नल मंद चालतो, चालू द्या.

पायरी ५: भाषांतर

सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी इथे आहे. दोन्हीकडे सी भाषाच आहे, नावंही ओळखीची वाटतात, आणि तिथेच माणूस फसतो.

‘एमस्लीप’ हे फंक्शन घ्या. लिनक्समध्ये त्याचा अर्थ इतके मिलिसेकंद झोप. फ्रीबीएसडीत त्याच नावाचं फंक्शन एखाद्या घटनेची वाट बघत, हातातलं कुलूप सोडून झोपतं. त्याला पाच आर्ग्युमेंट लागतात, म्हणून नशिबाने कंपायलरच ओरडतो.

मेमरी मागताना कंपायलर ओरडत नाही. फ्रीबीएसडीत ‘थांबलो तरी चालेल’ अशी खूण देऊन मेमरी मागितली तर ती मिळेपर्यंत फंक्शन परतच येत नाही. रिकामा पॉइंटर मिळायचा प्रश्न नसतो. त्यामुळे तिथला कोड पॉइंटर तपासत नाही आणि ते बरोबरच आहे. लिनक्समध्ये थांबायची परवानगी दिली तरी मागणी फसू शकते. बीएसडीकडून लिनक्सकडे कोड नेताना ती तपासणी तुम्हाला घालावी लागते, आणि तिच्यासोबत तोवर घेतलेलं सगळं परत करण्याची वाटही.

चुकांचे आकडे तर वेगळंच प्रकरण. लिनक्सच्या आत फंक्शन अपयशी झालं की उणे आकडा परत देतं, बीएसडीत अधिक. शिवाय आकडेही सारखे नाहीत. ‘पुन्हा प्रयत्न करा’ ही चूक लिनक्सवर सामान्यतः ११ आणि बीएसडीवर ३५. ‘कुलुपांची कोंडी झाली’ ही चूक लिनक्सवर ३५ आणि बीएसडीवर ११. नेमकी अदलाबदल! म्हणून आकडा कधी लिहायचा नाही, नावच लिहायचं.

मी माझ्या पहिल्याच पॅचमध्ये एका ठिकाणचं उणे चिन्ह काढायला विसरलो होतो. परवानगी नाही, एवढंच सांगायचं होतं. त्या चुकीचा क्रमांक १, म्हणून फंक्शनने उणे १ परत दिला. फ्रीबीएसडीत उणे १ ला कर्नलच्या आत वेगळा अर्थ आहे: ही सिस्टिम कॉल पहिल्यापासून पुन्हा सुरू कर. माझा चाचणीचा प्रोग्रॅम परवानगी मागत होता, कर्नल ‘पुन्हा विचार’ म्हणत होता, तो पुन्हा विचारत होता. प्रोसेसर शंभर टक्के, स्क्रीनवर एक अक्षर नाही. मी दोन संध्याकाळी कुलुपांमध्ये कोंडी शोधत बसलो. शेवटी कर्नलच्या ट्रेसमध्ये एकच कॉल ओळीने येताना दिसला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून पॅच पाठवण्याआधी मी उणे चिन्हांचा एक वेगळा शोध घेतो. तुम्हीही घ्या.

पायरी ६: पाठवायचं कसं

प्रत्येक घराची रीत वेगळी. लिनक्सला पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातो, जोडपत्र म्हणून नाही. कुणाला पाठवायचा ते सोर्समधलीच एक स्क्रिप्ट फाइलचं नाव दिलं की सांगते. शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. ती नुसती सही नाही. हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, असं तुम्ही तिथे सांगत असता. ही पद्धत २००४ मध्ये आली, तेव्हा लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून कोर्टकज्जे चालू होते. दुसऱ्याच्या घरातून आणलेल्या कोडसाठी तर तिचं महत्त्व दुप्पट.

फ्रीबीएसडीत कमिटच्या संदेशात ‘ऑब्टेन्ड फ्रॉम’ अशी ओळ घालून कुठून आणलं ते लिहितात. ओपनबीएसडीत ईमेलच्या अंगातच डिफ (बदललेल्या ओळींची यादी) चिकटवतात, आणि दुसऱ्या एखाद्या विकासकाने ‘ओके’ म्हटल्यावर तो आत जातो. नेटबीएसडीत बग नोंदवून त्याला पॅच जोडता येतो. हायकू गेरिट हे वेबवरचं रिव्ह्यूचं साधन वापरतं. कुठेही पाठवा, पण संदेशात तीन गोष्टी हव्यात: मूळ दुरुस्ती कुठल्या प्रकल्पातली आणि कुठल्या कमिटमधली, ती लिहिणाऱ्याचं नाव, आणि इकडे आणताना तुम्ही काय बदललं. तिसरी गोष्ट लोक गाळतात. रिव्ह्यू करणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

ईमेल पाठवायच्या आधी पॅच स्वतःलाच पाठवून बघा. बरीच ईमेल ॲप टॅबच्या जागी स्पेस घालतात, लांब ओळी मोडतात, आणि मग तो पॅच कुणाकडेच लागत नाही. रिव्ह्यूत कडक शब्द आले तर ते कोडबद्दल आहेत असं धरून चाला. ‘तिकडे तर चालतं’ हे उत्तर कधीही देऊ नका. तिकडे चालतं म्हणूनच तुम्ही आणलंय, हे त्यांनाही कळतं.

पायरी ७: परत पाठवा

आणताना तुम्हाला मूळ कोडमध्येही एखादी चूक दिसेल. जवळजवळ दर वेळी दिसते, कारण इतक्या बारकाईने तो कोड बऱ्याच दिवसांत कुणी वाचलेला नसतो. ती मूळ प्रकल्पाला कळवा. हे राहून गेलं की दोन प्रती हळूहळू लांब जातात.

पीएफ फायरवॉलचं तसंच झालं. तो २००१ साली ओपनबीएसडीत जन्मला आणि फ्रीबीएसडीने घेतला. फ्रीबीएसडी ९.० मध्ये ओपनबीएसडी ४.५ मधली प्रत होती. पुढे ओपनबीएसडीने ४.७ मध्ये पत्ते बदलण्याच्या नियमांची लिहिण्याची पद्धतच बदलली, तर फ्रीबीएसडीने अनेक प्रोसेसरवर एकाच वेळी चालावं म्हणून आतली कुलुपांची रचना बदलली. दोघांचीही कारणं योग्य होती, पण पुढे एकीकडचा बदल उचलून दुसरीकडे ठेवणं फार अवघड होऊन बसलं.

ओपनझेडएफएसची कथा उलट्या दिशेने जाते. ओरॅकलने २०१० मध्ये ओपनसोलारिस या प्रणालीचा उघडा विकास बंद केल्यावर झेडएफएसच्या प्रती इलुमॉस (ओपनसोलारिसची पुढची शाखा), फ्रीबीएसडी आणि लिनक्सवर वेगवेगळ्या वाढू लागल्या. २०१३ मध्ये ओपनझेडएफएस हा एकत्र प्रकल्प जाहीर झाला, आणि २०२० च्या अखेरीस आलेल्या २.० आवृत्तीत लिनक्स आणि फ्रीबीएसडी यांचा कोड एकाच रेपोत आला. कर्नलप्रमाणे बदलणारा भाग वेगळ्या फोल्डरमध्ये, बाकी सगळं सामायिक. तुम्ही मोठा ड्रायव्हर सांभाळायची जबाबदारी कधी घेतलीत तर पहिल्या दिवसापासून फाइली अशाच वेगळ्या करा.

सुरक्षेची चूक सापडली तर

इथे वरच्या पायऱ्या लागू नाहीत. सार्वजनिक ठिकाणी काही टाकू नका. प्रत्येक प्रकल्पाचा सुरक्षा गट असतो आणि त्याचा पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो. सामायिक कोडमधली चूक असेल तर ज्या ज्या कर्नलने तो कोड घेतला आहे त्या सगळ्यांना एकाच दिवशी कळवा. पहिल्या पायरीत काढलेली वाटांची यादी इथे कामाला येते. लिनक्स वितरणांच्या आणि बीएसडी प्रकल्पांच्या सुरक्षा गटांसाठी एक बंद यादीही आहे. तिथे कळवलेली गोष्ट जास्तीत जास्त १४ दिवस गुप्त ठेवतात, त्यामुळे तिथे लिहिण्याआधी तारीख ठरवून घ्या.

कुणालाही वगळलं की काय होतं ते जानेवारी २०१८ मध्ये दिसलं. मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या चुका मोठ्या कंपन्यांना कित्येक महिने आधी माहीत होत्या. फ्रीबीएसडीला डिसेंबर २०१७ च्या शेवटी सांगितलं गेलं. ओपनबीएसडीला सांगितलंच नाही. त्यांनी जगाबरोबर बातम्यांत वाचलं. या प्रकल्पांनी मग आपापल्या कर्नलमध्ये मेमरीच्या पानांचे तक्ते (पेज टेबल) वेगळे करण्याचं काम घाईघाईने केलं, तेही एकमेकांचे कमिट वाचत.

उत्तर आलं नाही तर

पॅच पाठवला आणि शांतता, हे नेहमीचं आहे. दोन आठवडे थांबा, मग त्याच धाग्यात एका ओळीची आठवण द्या. मधल्या काळात मूळ कर्नलमधली पुढची दुरुस्ती वाचायला घ्या आणि तुमचा पॅच आजच्या सोर्सवर अजून नीट लागतो का ते तपासा. लागत नसेल तर नवी आवृत्ती बनवा, विषयात ‘आवृत्ती २’ लिहा आणि पहिल्यापासून काय बदललं ते कमिटच्या संदेशात न मिसळता खाली वेगळं लिहा.